इचिरोचे ४३६७ हिट: जपानमधले धरायचे की नाही?

सिॲटलकर: २०२५ मध्ये जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांचा मानाचा गट) गेला, ३९४ पैकी ३९३ मतं (तो एक महाभाग कोण देव जाणे). माझं म्हणणं सरळ आहे, जगात सगळ्यात जास्त हिट (बॉल मारून बेस गाठला की एक हिट) त्याचेच. जपानमध्ये ऑरिक्स टीमकडून १२७८, अमेरिकेत ३०८९, झाले ४३६७. अमेरिकेतला रेकॉर्डवाला पीट रोझ, त्याचे ४२५६. विषय संपला.

तिरकस: संपला कुठे, आत्ता सुरू झाला. टफी ऱ्होड्स बघा, अमेरिकेत अख्ख्या करिअरमध्ये १३ होमरन (आपल्या सिक्ससारखे) आणि तोच माणूस जपानला जाऊन २००१ च्या एकाच सीझनमध्ये ५५ ठोकतो, थेट जपानी दिग्गज सादाहारू ओहच्या सीझनच्या रेकॉर्डची बरोबरी. तिथली बॉलिंग, सॉरी पिचिंग, काय लेव्हलची असेल समजून घ्या. आणि तिकडचं धरायचं तर रोझचे मायनर लीगमधले हिट पण धरा की.

सिॲटलकर: मायनर लीग शिकाऊ पोरांची असते हो, जपानची ती त्यांची टॉपची लीग. वर सीझन पण छोटा, १९९४ ला १३० मॅचच्या सीझनमध्ये २१० हिट मारले पठ्ठ्याने, इथे १६२ मॅच असतात. आणि पिचिंग कच्चं होतं म्हणून हिट मिळत होते तर इकडे आल्यावर आकडा पडायला हवा होता ना? पडला का? २००१ ला पहिल्याच वर्षी २४२ हिट, रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही, मग २००४ ला २६२ मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा एका सीझनमधल्या २५७ हिटचा रेकॉर्ड मोडला.

तिरकस: बरं झालं रुकीचं काढलंत. २७ वर्षांचा, जपानमध्ये लागोपाठ सात बॅटिंग टायटल (लीगमध्ये सगळ्यात जास्त ॲव्हरेज) जिंकलेला माणूस रुकी कसा? जपानचं काही धरलंच नाही म्हणून. मग बक्षीस घेताना तिकडचं शून्य आणि बेरीज करताना १२७८, दोन्ही डगरींवर हात कसा चालेल.

खाऱ्या_शेंगा: रणजीची शतकं टेस्टच्या कॉलममध्ये कोणी टाकत नाही, फर्स्ट क्लासचा वेगळा कॉलम असतो. तसा करा आणि मिटवा.

राईटफील्डवाली: सगळे बॅटवरच अडकलात. एप्रिल २००१, ओकलंड, टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर आरामात पोचणार असं वाटत होतं आणि इचिरोने राईट फील्डमधून असा सपाट थ्रो टाकला की तो आउटच. पुढे लागोपाठ दहा गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचं बक्षीस). त्याच्या हाताला घाबरून जे रनर दुसऱ्या बेसवरच थांबले ते कुठल्या बेरजेत धरणार?

तिरकस: थ्रो मान्य, वाद नाही. पण करिअरमध्ये फक्त ११७ होमरन, वॉक (चार खराब बॉल सोडून फुकटचा पहिला बेस) घ्यायचा कंटाळा, ॲव्हरेज .३११ आणि ऑन-बेस (वॉक वगैरे धरून बेसवर पोचायचं प्रमाण) .३५५, म्हणजे फरक किती कमी बघा. असो, रेकॉर्ड बुकात नाव रोझचंच आहे.

सिॲटलकर: अमेरिकेच्या रेकॉर्ड बुकात. मी जगात म्हणालो होतो, वर जाऊन वाचा.