रंधा मधेच अडकतो आणि ढलपे उपटून येतात, काय चुकतंय?

बाल्कनीसुतार
नमस्कार मंडळी, आजोळच्या जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या मिळाल्यात, साधारण ४ फूट लांब आणि पाऊण इंच जाड, त्यांचं पुस्तकांचं शेल्फ करायचंय. फ्लॅटच्या बाल्कनीत काम, शेजारी तान्हं बाळ आहे म्हणून मशीन घेतलं नाही. ४ नंबरचा लोखंडी रंधा, दोन पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), करवत, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) एवढं घेतलं. पण रंधा दोन इंच जातो की खाडकन अडकतो, मधेच ढलपाच उपटून येतो. पटाशीने खाच करायला गेलो तर लाकूड कापण्याऐवजी चेपलं जातंय. हत्यारं हलकी निघाली का माझा हात बसला नाहीये? सगळे म्हणतात पॉवर प्लेनर (विजेवर चालणारा रंधा) घे, पण आजोबांच्या घरातलं लाकूड आहे, हातानेच करायचंय.

लाकूडवेडा
हत्यारं परत करू नका. दुकानातून आणलेल्या पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला कामाची धार नसतेच, ती आपण लावायची असते, हे कोणी सांगत नाही आणि मग नवीन माणूस कंटाळून सोडून देतो, मला याचं फार वाईट वाटतं.
जाड काच घ्या, त्यावर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) चिकटवा, ४०० नंबरचा, मग १०००, मग २०००, नंबर वाढला की पेपर बारीक. आधी पात्याची सपाट पाठ घासा, सगळी नको, धारेजवळचा इंचभर भाग आरशासारखा झाला की पुरे. मग धारेकडचा तिरका उतार, २५ ते ३० अंश. उताराला मार्करने काळं करा आणि दोन हात मारून बघा, शाई कुठली गेली त्यावरून कळतं की पातं नीट टेकतंय का नाही. पाठीकडून बोटाला बारीक बूर (धारेवर वळलेली धातूची कड) लागली पाहिजे, ती पण या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोवर पुढच्या पेपरवर जायचं नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पुसून घ्या.
ग्राइंडरवर नेऊ नका हो प्लीज, पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग धार टिकत नाही.
आणि पात्यावरची दुसरी पट्टी धारेपासून १ मिलिमीटरच्या आत, जमेल तितकी जवळ ठेवा, ढलपे उपटणं बरंच कमी होतं.

कोकणातला
वरचं सगळं बरोबर. माझे वडील सुतारकाम करायचे म्हणून दोन गोष्टी घालतो.
एक, जुनं लाकूड आहे ना, मग रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. पलंगात मोडके खिळे आत राहिलेले असतात, एक लागला की सगळी धार गेली. वरची माती, पॉलिश पण खरवडून काढा. सागात मुळातच वाळूसारखा अंश असतो, पातं लवकर बोथट होतं, त्यामुळे मधेमधे धार लावावीच लागणार.
दुसरं, फळीच्या कडेकडून लाकडाचे रेशे बघा, ते वर चढत जातात त्याच दिशेने रंधा मारायचा. उसाच्या पानावरून हात फिरवा, एकीकडून गुळगुळीत जातो, उलटा फिरवला की कापतो, तसंच आहे हे. अडकला की फळी फिरवून घ्या. गाठीपाशी पातं अगदी कमी काढा. बाबा खाली बसून पायाने लाकूड दाबून धरायचे, तुम्ही टेबलाला आडवी पट्टी ठोका आणि फळी तिला टेकवा. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागेच!

बाल्कनीसुतार
मार्करची युक्ती केली, फक्त एक कोपरा टेकत होता!! दोन संध्याकाळी गेल्या, पण काल रंध्यातून कागदासारखी सलग गुंडाळी निघाली आणि घरभर सागाचा वास, आई खास बघायला आली. चुंबकाने चार खिळे पण सापडले, खूप आभार. आता फळ्या बाजूच्या पट्ट्यांना आडव्या स्क्रूने घट्ट आवळल्या तर चालेल का?

लाकूडवेडा
पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. पुढचा स्क्रू घट्ट, मागच्याचं भोक लांबट करा म्हणजे फळीला सरकायला जागा राहते, नाहीतर चीर पडेल. आणि रंधा बाल्कनीत उघडा ठेवू नका, शिलाई मशीनचं तेल लावून कापडात गुंडाळा.