ग्रँड पियानोचा पाय तिरका झालाय, मिस्त्री म्हणतात स्क्रू मारतो

काळी_पाच: आमच्याकडे आजेसासऱ्यांचा ५ फुटी ग्रँड आहे, एरंडवण्यात, तळमजल्यावर. रंगकामासाठी हॉल रिकामा करताना हमालांनी तो चाकांवरच ढकलला. शहाबादी फरशीच्या सांध्यात मागचं चाक अडकलं आणि कडकन आवाज झाला. आता शेपटीकडचा पाय बोटभर कलला आहे, चाक फिरत नाही आणि पायाच्या तळाशी उभी चीर गेली आहे. मिस्त्री म्हणतात, "ताई, दोन लांब स्क्रू मारतो, हलायचा नाही." सध्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रचून टेकू दिलाय. हसू नका.

रंधा: हसलो. पण आधी पक्का टेकू लावा, मगच अंक काढा. २५० किलोच्या आसपासचा ऐवज आहे तो, कागद दबत जातो. मिस्त्रींकडची घोडी (लाकडी तिवई) घ्या, वर फळी आणि जुनी सतरंजी. ती खालच्या जाड तुळईला टेकली पाहिजे, साउंडबोर्डला (तारांखालच्या पातळ लाकडी पाटीला) अजिबात लागता कामा नये. उचलायला गाडीचा जॅक चालेल, भार मात्र घोडीवरच.

पाय बहुधा वरच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत सरकवून बसवलेला असेल. कलतो तेव्हा बरेचदा पट्टीचे स्क्रू सैल झालेले असतात. तिथे जाड स्क्रू ठोकू नका. भोकात सागाची खुंटी चिकटवा, वाळली की नवं भोक पाडा.

चिरेतला जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने काढा, त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. चाकाचा दांडा बसतो ती पितळी नळीही आधी काढा, नाहीतर चीर मिटणारच नाही. मग गोंद, क्लॅम्प, आणि एक दिवस हात लावायचा नाही. पावसाळ्यात दोन.

काळी_पाच: आणि चाक? बोहरी आळीत मिळतायत, पण जरा मोठी आहेत.

सदाशिव_तीस: एकच बदललंत तर पियानो कलणार. तिन्ही बदललीत तर अख्खा पियानो वर जाणार आणि पेडल पायाला उंच लागणार. जुनंच साफ करा. आणि पुढच्या वेळी हमाल आले की उचलायला सांगा. आडवा जोर आला की पाय मोडतात, ते फक्त उभा भार घ्यायला असतात.

काळी_पाच: झालं एकदाचं! पट्टीचे चारपैकी तीन स्क्रू नुसत्या बोटाने निघाले. चाकाच्या आसाभोवती केस, शिवणाचा दोरा आणि तोरणातला एक मोती, सगळं काळ्या वंगणात घट्ट बसलेलं. चिमट्याने अर्धा तास उकरलं, रॉकेलने पुसलं, आता गरगर फिरतं. तिन्ही चाकांखाली सागाच्या वाट्या ठेवल्यात, म्हणजे आता पियानो जागचा हलणार नाही.

मिस्त्री बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ढकलायचंच नव्हतं, तर चाकं लावली कशाला?"