सोयाबीनच्या मुळावर गाठी दिसतायत, हा रोग आहे का? ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं) करू का?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. लातूर जिल्हा, औसा भाग, काळी भारी जमीन. पाच एकर सोयाबीन आहे, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलंय, दोन वेगवेगळे तुकडे आहेत. वरचं वावर हिरवंगार आहे पण खालच्या वावरात मधल्या पावसात पाणी थांबून राहिलं आणि आता तिथलं पीक पिवळसर दिसायलंय, वाढ पण बसल्यासारखी झालीय. काल दोन्हीकडची झाडं उपटून बघितली तर मुळाला बारीक बारीक गाठी. शेजारचे काका म्हणले सूत्रकृमी (मुळात शिरणारी बारीक अळीसारखी कीड) आहे, आता सगळीकडं पसरणार. दुकानात फोटो दाखवला तर त्यांनी बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग सांगितलं आणि वरून एकरी एक बॅग युरिया टाका म्हणले, लगेच हिरवं होतंय.

मला कळेना ते असं की गाठी वरच्या चांगल्या वावरात जास्त आहेत आणि खालच्या पिवळ्या वावरात कमी. रोग असता तर उलटं पाहिजे ना? बीजप्रक्रियेचं पण सांगून ठेवतो, वरच्या वावराच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि पेरायच्या दिवशी रायझोबियमचं कल्चर लावलं होतं, खालचं पेरताना पाऊस अंगावर आला म्हणून तिथं फक्त बुरशीनाशक. आता फवारायचं का ओतायचं का गप बसायचं? वडील म्हणतेत युरिया टाक आणि मोकळा हो. जाणकारांनी सांगा, लवकर सांगितलं तर बरं होईल, दुकानदार औषध काढून ठेवून बसलाय.

वाशीमकर_भाऊ:
थांबा भाऊ, काहीच ओतू नका. तुम्ही स्वतःच बरोबर विचारलंय की रोग असता तर चांगल्या वावरात जास्त कसा. ९९ टक्के त्या रायझोबियमच्याच, म्हणजे हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरून झाडाला देणाऱ्या जिवाणूच्या गाठी आहेत, त्या असायलाच पाहिजेत.

पण खात्री करून घ्या आणि त्यासाठी झाड उपटू नका, उपटलं की अर्ध्या गाठी मातीतच तुटून राहतात. वीतभर बाजूनं खुरप्यानं नाहीतर कुदळीनं माती सैल करा, ढेकळासकट झाड काढा, बादलीत पाण्यात ठेवा, माती हळूहळू आपोआप सुटते. मग एक गाठ अंगठ्यानं बाजूला ढकला. जिवाणूची गाठ मुळाला बाहेरून बसलेली असते, ज्वारीच्या दाण्याएवढी, ढकलली की टचकन निघते आणि खालचं मूळ साबूत राहतं. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती अशी सुटी होत नाही, ओढली तर मूळच तुटतं. भेंडी, टमाटे, डाळिंब यांच्या मुळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा फरक लगेच समजेल.

आता दुसरं काम. चार-पाच गाठी ब्लेडनं मधोमध कापा आणि आतला रंग बघा. गुलाबी किंवा लालसर असेल तर ती नत्र धरतेय. पांढरी असेल तर एकतर अजून कोवळी आहे नाहीतर कामाची नाही. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय. दोन्ही वावरातल्या गाठी वेगवेगळ्या कापून इथं सांगा मग पुढचं बोलू. गाठी कुठं आहेत ते पण बघा, सोटमुळावर वरच्या बाजूला गुच्छानं आहेत का बाजूच्या तंतुमुळांवर विखुरलेल्या.

पेट्रीडिश:
मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि माहेरची शेती आहे त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहिते.

गाठ बघितली की रोगच आठवतो यात नवल नाही. डाळिंबावरचा तेल्या जिवाणूच आणतो, गुलाब-द्राक्षांच्या खोडाशी येणारी क्राऊन गॉल नावाची गाठ पण जिवाणूचीच, आणि तो ॲग्रोबॅक्टेरियम तर या रायझोबियमचा भाऊबंदच आहे. म्हणजे एकाच गणगोतातला एक जण झाडाला पोखरतो आणि दुसरा झाडाला पोसतो. सोयाबीनवाल्याचं पूर्ण नाव ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण तो झाडाला घेता येत नाही, त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते तोडायला युरियाच्या कारखान्यात प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागतं. हा जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज नावाच्या एन्झाइमने. सोयाबीनचं मूळ मातीत काही रसायनं सोडतं, ती ओळखून जिवाणू उलट स्वतःचा रासायनिक निरोप पाठवतो, मग मुळावरचा केस वाकतो, जिवाणू त्यातून आत शिरतो आणि झाड त्याच्यासाठी गाठ बांधायला घेतं. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतो.

गुलाबी रंगाचं कारण मला सगळ्यात आवडतं. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, तो लागला की ते खराब होतं, पण जिवाणूला जगायला आणि ताकद मिळवायला ऑक्सिजन पाहिजेच. यावर तोड म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं, ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजूनमापून आत सोडतं. त्यात लोह असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं प्रोटीन आहे, म्हणून गाठ कापली की आत रक्ताची छटा दिसते. मी वर्गात दरवर्षी ही गाठ कापून दाखवते, मुलं पुढच्या बाकावर येऊन वाकून बघतात.

यावरून खालच्या वावराचं पण समजेल. पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते, गाठीला श्वासच घेता येत नाही, काम थांबतं आणि पीक पिवळं पडतं. त्यावर बुरशीनाशक ओतून काय होणार? उलट मातीतल्या चांगल्या जिवांना त्रास.

कोरडवाहू:
सगळं वाचलं पण मला पटत नाही. आमच्याकडं वीस-बावीस वर्षं सोयाबीन आहे, कल्चर कधीच लावलं नाही तरी मुळाला गाठी येतातच. एक-दोन वर्षं पाकिटं आणून पण बघितली, काडीचा फरक दिसला नाही, नुसती काळी भुकटी. युरिया टाकला की आठ दिवसांत पीक काळंभोर होतं हे डोळ्यानं दिसतं. शेतकऱ्यानं दिसेल त्यावर विश्वास ठेवावा का पुस्तकावर? रागावू नका ताई पण प्रत्यक्ष शेत वेगळं असतंय.

पेट्रीडिश:
रागवायचं काय त्यात दादा, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे. सोयाबीन मूळचं चीनकडचं पीक, आपल्या मातीत त्याचा जिवाणू आधी नव्हताच, म्हणून जिथे पहिल्यांदा सोयाबीन पेरतात तिथे कल्चर लावलं नाही तर गाठी जवळजवळ येतच नाहीत. तुमच्यासारख्या जुन्या वावरात तो आता वस्तीला आलाय, गाठी येणारच. पण मातीत टिकून राहिलेला प्रत्येक जिवाणू नत्र धरण्यात पटाईत असतोच असं नाही, तो गाठीत जागा अडवतो आणि काम कमी करतो. म्हणून नुसत्या गाठी मोजून भागत नाही, कापून रंग बघावा लागतो.

पाकिटाचं म्हणाल तर त्यात जिवंत जिवाणू असतात आणि पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात ती पाकिटं युरियाच्या थप्पीवर ठेवली की आतले मरतात. कडकडीत तापलेल्या दुधात विरजण घालून दही लागेल का? तसंच आहे हे. शेतकरी मेलेलं कल्चर लावतो, फरक दिसत नाही आणि नाव मात्र कल्चरचं खराब होतं, याचं मला फार वाईट वाटतं कारण एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगाची दुसरी वस्तू त्या दुकानात नसते. कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून ताजं घ्या, तारीख बघा, घरात माठाजवळ थंड सावलीत ठेवा आणि पुढच्या वर्षी चार ओळींना न लावता पेरून बघा, शेजारी शेजारी असलं की तुम्हालाच डोळ्यानं दिसेल.

आणि युरियाने काळंभोर होतं हे अगदी खरं. पण झाडाला आयतं नत्र मिळालं की ते गाठींची साखर कमी करतं, नव्या गाठी थांबतात, जुन्या मंदावतात. शेंगा भरायच्या वेळी जेव्हा नत्राची खरी गरज असते तेव्हा तुमचा युरिया संपलेला असतो आणि गाठी पण थंड पडलेल्या असतात. वर पाला माजला की अळी आणि चक्रीभुंगा आलाच. विद्यापीठांच्या शिफारशीत सोयाबीनला स्फुरदापेक्षा (फॉस्फरसपेक्षा) नत्र कमी ठेवलेलं असतं ते याचसाठी, गाठी लागेपर्यंत रोपाला आधार मिळावा एवढंच.

बार्शीची_लेक:
मी दरवर्षी स्वतः लावते म्हणून लिहिते, कारण लावण्यातच बरेच जण घोळ करतात. क्रम असा की आधी बुरशीनाशक, मग लागलं तर कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी पेरायच्या दिवशी. हे सगळं एका घमेल्यात एकत्र कालवायचं नाही. तांबंयुक्त औषध नाहीतर स्ट्रेप्टोसायक्लिन बियाण्याला लावलं असेल तर जिवाणू लावून उपयोग नाही, ती औषधं जिवाणूंना पण मारतात.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, म्हणजे एकरी ३० किलो पेरत असाल तर तीन पाकिटं. थोडा गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार करायचा, गरम अजिबात नको, त्यात पाकीट कालवून ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्यावर शिंपडायचं. सोयाबीनची साल फार नाजूक असते, ज्वारी-बाजरीसारखं चोळलं किंवा पाणी जास्त झालं की साल सुटते आणि उगवण जाते, म्हणून दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून हलक्या हातानं बी घोळायचं, बोटं घालायची नाहीत. दाण्यावर काळसर पातळ थर दिसला की बास. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं, उन्हात ठेवायचं नाही. द्रवरूप मिळालं तर अजून सोपं, गुळाची पण गरज नाही.

मांजराकाठ:
ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. सकाळी ढेकळासकट झाडं काढून बादलीत ठेवली, वडील पण सोबत बसले होते.

वरचं वावर: गाठी सोटमुळावर वरच्या अंगाला गुच्छानं, ढकलल्या की सुट्या होतात, कापल्या की आतून चक्क लालसर, ब्लेडला पण डाग पडला. वडिलांनी स्वतः पाच-सहा कापून बघितल्या. खालचं वावर: गाठी थोड्या, बारीक, बाजूच्या मुळ्यांवर विखुरलेल्या, कापल्यावर बऱ्याच पांढऱ्या आणि काही हिरवट, एखाद-दुसरी फिकट गुलाबी. सूत्रकृमीसारखं सुजलेलं मूळ कुठंच नाही. ड्रेंचिंगचं औषध काही आणत नाही आता. पण खालच्या वावराचं काय करू?

वाशीमकर_भाऊ:
झकास काम केलं. वरच्या वावराला युरियाचा एक दाणा टाकू नका. सोटमुळावर गुच्छ म्हणजे तुम्ही लावलेलं कल्चर लागू पडलं, बियाण्याजवळ असलेला जिवाणू पहिल्या मुळातच शिरतो. बाजूच्या मुळ्यांवर विखुरलेल्या गाठी बहुतेक मातीत आधीपासून असलेल्या जिवाणूच्या.

खालच्या वावरात पहिलं काम पाणी काढणं. उताराच्या बाजूनं चर काढा, वाफसा आला की कोळपणी करा म्हणजे मुळाशी हवा जाईल, त्यानं गाठी पुन्हा सुधारतात, नव्या पण येतात. मग पिवळेपणा नीट बघा. खालची जुनी पानं सारखी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडतंय, तिथं २ टक्के युरियाची फवारणी घ्या, १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, संध्याकाळी. फवारणीतून थोडंच नत्र जातं, बॅगभर जमिनीत टाकल्यासारखं नाही. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की हमखास येते, त्याला १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात थोडं सायट्रिक ॲसिड. आणि पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो मोझॅक, व्हायरस आहे, पांढरी माशी पसरवते, अशी झाडं उपटून बांधाबाहेर न्या. पुढच्या वर्षी खालचं वावर रुंद वरंबा-सरीवर पेरा, पाणी थांबायचा प्रश्नच निम्मा होईल.

कोरडवाहू:
मी पण आज आमच्या वावरातल्या कापून बघितल्या. गाठी भरपूर आहेत पण निम्म्याच्या वर पांढऱ्या निघाल्या. पुढच्या वर्षी चार ओळींचा प्रयोग करतो, पाकीट विद्यापीठातूनच आणतो.

मांजराकाठ:
खालची जुनी पानंच पिवळी आहेत, चर काढायला घेतलाय, वाफसा आला की कोळपून मग फवारणी घेतो. एक शेवटचं विचारतो, सोयाबीनच्या कल्चरची दोन पाकिटं उरलीत, ती रब्बीत हरभऱ्याला चालतील का?

पेट्रीडिश:
नाही चालणार. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा आहे, मेसोरायझोबियम, सोयाबीनवाला हरभऱ्याच्या मुळाचा निरोप ओळखतच नाही. तूर, मूग, उडीद यांचा गट आणखी वेगळा, त्यामुळे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालत असाल तर तुरीला तुरीचंच पाकीट लावायचं. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते बघून घ्या. उरलेली दोन पाकिटं शेणखतात कालवून ओल असताना खालच्या वावरातच टाका, पुढच्या जूनपर्यंत त्यांची मुदत संपलेली असेल.