८ जीबी रॅममध्ये रेड हॅटचा सराव : दोन मशीन आणि न होणारा पिंग

लातूरहून विचारलंय, ८ जीबीच्या लॅपटॉपवर आरएचसीएसए या रेड हॅट लिनक्सच्या परीक्षेसाठी दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक) चालतील का आणि त्यांचा एकमेकींना पिंग (जोडणी तपासणारा संदेश) का होत नाही.

चालतील. रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत रॉकी लिनक्सचं मिनिमल (फक्त कमांडवर चालणारं) इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करताना प्रत्येकीला २ जीबी रॅम द्या, नंतर दीडवर आणा. क्रोम मात्र बंद ठेवा, खरा खादाड तोच.

पिंगचं कारण साधं आहे. या मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, आपोआप 'नॅट' हा नेटवर्कचा प्रकार देतं. त्यात प्रत्येक मशीन आपापल्या वेगळ्या नेटवर्कात असते आणि दोघींनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. मशीन बंद करून प्रत्येकीला दुसरा नेटवर्क अ‍ॅडॉप्टर 'होस्ट-ओन्ली' (लॅपटॉप आणि मशीन यांचं आपसातलं नेटवर्क) जोडा. दुसरी मशीन पहिलीची नक्कल (क्लोन) असेल तर मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) नवे घ्यायला सांगा.

एलव्हीएमच्या (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची पद्धत) सरावासाठी ५ जीबीच्या दोन जादा डिस्क लावा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) चुकीची ओळ गेली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकते, म्हणून रीबूटआधी 'माउंट -ए' (त्या यादीतलं सगळं जोडून बघणारी कमांड) चालवून बघाच. अडकली तरी लगेच स्नॅपशॉटवर (मशीनची आधी जतन केलेली स्थिती) पळू नका. परीक्षेत स्नॅपशॉट नसतो. रूट पासवर्ड टाकून तिथेच ओळ दुरुस्त करा.

आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही. डेस्कटॉप असेल तर उठताना व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'सेव्ह द मशीन स्टेट' (मशीन आहे त्या स्थितीत जतन) करून उठा.