रात्री अकरालाही छत गरमच. एसी घ्यावा की गच्चीचं काही करावं?

तिसरा_माळा_नागपूर
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग १९९३ सालची, तीन माळे, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर. घरात मी, हे आणि सासूबाई (वय ८४).

दुपारच्या उन्हाचं आम्हाला कौतुक नाही, जन्म नागपुरातच गेला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजल्या की दुपार निघते. त्रास रात्रीचा आहे. अकरा वाजता बाहेर बऱ्यापैकी वारा सुटलेला असतो आणि आमच्या बेडरूममध्ये पंखा वरची गरम हवाच अंगावर ढकलतो. पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखं लागतं. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक छतावर रोखली. ती नुसतं 'हाय' दाखवून लाल झाली. मुलगा म्हणाला, "आई, ती तापाची आहे, त्याच्यावर तिला आकडेच येत नाहीत."

सासूबाई रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला सांगतात. मे महिन्यात टँकर मागवायचा आणि गच्चीवर ओतायचा, हे माझ्याच्यानं होत नाही. मुलगा म्हणतो दीड टनाचा एसी घे. शेजारचे म्हणतात छताखाली पीओपीचं खोटं छत करून घ्या. एक रंगवाला येऊन 'खोली दहा अंशांनी थंड' असं छातीठोक सांगून गेला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तर तळमजल्यावरचे म्हणाले, "ऊन तुमच्या वाट्याला आलं ताई, त्याला सोसायटी काय करणार?" कुरड्या वाळवायला गच्ची सगळ्यांची, तापली की आमची. असो. काय करावं?

ओळंबा
ताई, साइटवर बावीस वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, एसी आधी नको. साडेचार-पाच इंचाचा स्लॅब आणि वरचा कोबा (पाणी उतरायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) दिवसभर ऊन पितात. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत भिंतींपेक्षा गच्चीच जास्त भाजते. ती धग खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून बाहेर गार व्हायला लागलं की तुमचं छत तापलेलं असतं. एसी रात्रभर त्या स्लॅबशीच भांडत बसेल. वर महिन्याला ३०० युनिट ओलांडले की पुढचं प्रत्येक युनिट महाग.

आधी दोन-चार बादल्या पाणी ओतून बघा, कुठे साचतं ते. उतार आणि तडे पहिले, वॉटरप्रूफिंग मग, ऊन परतवणारा पांढरा रंग सगळ्यात शेवटी. ओल्या, तडकलेल्या कोब्यावर रंग मारला, तर एका पावसाळ्यात पापुद्रे निघतात.

आणि एक चूक हात जोडून सांगतो, करू नका. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवून देणारे ठेकेदार पुष्कळ भेटतील. चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला १७-१८ किलो. गच्ची १,८०० फूट धरली, तरी तीस टनांवर बोजा झाला, तोही तीस वर्षांच्या स्लॅबवर! घालायचाच असेल तर जुना फोडून उतरवायचा. तीस वर्षं उलटलेल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) दर तीन वर्षांनी करायचं असतं. तुमचं झालंय का, तेही विचारा.

पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची चायना मोझॅक टिकाऊ खरी, पण तिच्याखालीही मसाला लागतो, म्हणजे परत वजन. तुमच्याकडे रंगच बरा. डब्यावर एसआरआय, म्हणजे रंग उन्हात किती कमी तापतो त्याचा आकडा, किती लिहिलाय ते बघा, ७८ च्या वर हवा. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची घासून धुवा, धुळीनं मळलेलं पांढरं ऊन परतवत नाही.

दहा अंशांचं म्हणाल तर गच्चीचा पृष्ठभाग त्याहूनही जास्त उतरतो, रंगवाला तेच सांगत असणार. खोलीतली हवा दोन-चार अंशांनी उतरली तरी पावलं म्हणा.

अकोल्याची_सून
पीओपी आम्ही केली. थोडा फरक पडला, खोटं नाही बोलत. पण वरची गळती दोन पावसाळे दिसलीच नाही. तिसऱ्या वर्षी कोपरा ओला होऊन खाली आला, तेव्हा कळलं. पंखाही इतका खाली आलाय की चादर झटकायची सोय नाही.

तिसरा_माळा_नागपूर
@ओळंबा, ऑडिट कशाचं भाऊ, आमच्याकडे कागदच नाही. रंगाचा खर्च काढण्याआधी स्वस्तात खात्री करून घेता येईल का?

ओळंबा
येईल की. बेडरूमच्या डोक्यावर तेवढाच चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळून घ्यायचा, थोडा फेव्हिकॉल घालायचा आणि झाडूनं दोन हात द्यायचे. भिजवताना तो उकळतो, डोळे सांभाळा. पावसात धुऊन जाईल, पण तुम्हाला उन्हाळ्यापुरतंच बघायचंय. छतासाठी कारखान्यात वापरतात ती बंदूक मागा.

नाइलाजाने_सेक्रेटरी
तिसरा माळा, तुमचं गाडं तांत्रिक नाही, अजेंड्यावर अडलंय. आम्हीही त्यातून गेलोय. 'उष्णता' लिहिलं की तो वरच्यांचा प्रश्न होतो. 'गळती' लिहा. गच्चीतून पाणी झिरपत असेल, तर ती दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीच्याच खर्चाने होते. वॉटरप्रूफिंगचा शेवटचा थर पांढरा घ्या, एवढंच मग मागायचं.

दुसरं म्हणजे सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. आम्ही पॅनेल उंच सांगाड्यावर घेतले, खालून माणूस चालत जातो. त्यानं गच्चीवर सावली पडली आणि पॅनेलखाली वारा खेळायला लागला. वारा हवाच, कारण पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. मात्र सांगाड्याचे पाय ठोकताना वॉटरप्रूफिंग फोडू देऊ नका, आमचं फोडलं होतं. आणि तळमजल्याला ऊन दाखवून उपयोग नाही, पंपाचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल दाखवा. जिन्यात अजून चोकवाल्या ट्यूब असतील, तर एका जागी पन्नासएक वॉट जळताहेत. एलईडी वीसमध्ये तेवढाच उजेड देतो.

तिसरा_माळा_नागपूर
सतरा दिवसांनी लिहितेय. चुना मारला, फक्त बेडरूमवर. यांच्या चपलांचे ठसे अजून आहेत त्यावर. मुलानं दुसरी बंदूक आणली. रात्री साडेनऊला हॉलचं छत ४२, बेडरूमचं ३७. तीन रात्री मोजलं, फरक चार ते पाचाचाच. पंख्याची हवा गार म्हणणार नाही, पण अंगावर येत नाही. सासूबाईंना आकडे सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी आपण होऊन हॉलमधली खाट बेडरूममध्ये हलवायला लावली. एसी तूर्तास बारगळला.

काल तळमजल्यावरच्या काकू कुरड्या घालायला वर आल्या. पांढऱ्याकडे बघवत नाही म्हणाल्या, म्हणून हॉलच्या डोक्यावर घातल्या. तिथे एक लांब तडा आहे, मी मुद्दाम त्यांना दाखवून ठेवला. रविवारी मीटिंग आहे. विषय क्रमांक ३: गच्चीची गळती.