मदत हवी आहे: केसाळ कुत्र्याला उन्हाळ्यात भादरावं की नाही? (मेंढपाळ परवा येतोय)

नमस्कार मंडळी. प्रश्न घाईचा आहे, म्हणून पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटहून आत एका खेड्यात राहतो. लेक पुण्याहून बंगलोरला गेली आणि तिचा चार वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर दिवाळीनंतर आमच्याकडे आला. तिनं नाव ठेवलं होतं बटर, गावानं आठ दिवसांत त्याचा बटऱ्या केला. हिवाळाभर स्वारी मजेत होती, तुरीच्या वावरातून ससे उठवत फिरायची. होळी झाली आणि हाल सुरू झाले. आता पारा ४४ च्या खाली उतरत नाही आणि नवतपा तर लागायचाच आहे. हा दिवसभर न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत असतो. दुपारी लाईन गेली, कूलर थांबला, की माझ्याकडे असा बघतो की जणू मीच बटन बंद केलं.

सासूबाईंचं रोज सकाळी सुरू होतं, "काहून तरास देता त्या मुक्या जीवाले? रजई पांघरून बसलं बिचारं. भादरून टाका ना!" आमच्या वावरात खतासाठी परवा मेंढरं बसणार आहेत. मेंढपाळानं बटऱ्याला पाहिलं नि म्हणाला, कातर सोबत आहेच, दहा मिनिटांत मोकळा करून देतो. पैसेही नको म्हणाला. ह्यांनी होकार देऊन टाकला.

लेक मात्र फोनवरून ओरडतेय, कातर लावायची नाही. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका पार्लरमध्ये तिनं त्याला मशीननं सफाचट केलं होतं. आतली मऊ लव भराभर वाढली, वरचे लांब केस काही लवकर आले नाहीत. आधी अंगावर पाणी टाकलं की ओघळून जायचं, नंतर कापसासारखं शोषून घ्यायला लागलं. कमरेजवळ अजूनही एक ठिगळ वेगळं दिसतं.

तिचं पटतं, पण त्याच्याकडे बघवतही नाही. त्यात कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या झालरीत जटा झाल्यात. डाव्या कानामागची तर सुपारीएवढी, दाबली की टणक, आणि आत कुसळ अडकलेलं. मी कात्री घेऊन बसले होते, पण जट कुठे संपते नि कातडी कुठे सुरू होते तेच कळेना. तेव्हा भादरायचं नसेल तर नेमकं करायचं काय? जवळपास पार्लर नाही. दवाखाना आहे तो ढोरांचा.

प्रतिसाद
ताई, मेंढपाळाला चहा पाजा आणि कातर पिशवीतच राहू द्या.

मेंढराची लोकर वाढतच राहते, आपोआप झडत नाही, म्हणून ती कातरावीच लागते. तुमच्या कुत्र्याचे केस ठराविक लांबीवर थांबतात आणि ऋतू बदलला की आतली लव झडते. त्याला दोन थर असतात. वरचे जाड केस उन्हापासून कातडीला सावली देतात, आतली लव थंडीसाठी. उन्हाळ्यात ती लव निघून गेली की वरच्या केसांतून वारा खेळतो. ती निघाली नाही, किंवा जटा होऊन अडकली, की मग तुमच्या सासूबाई म्हणतात ती रजई खरी. म्हणजे दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं, औषध चुकलं. आणि भादरल्यानं घाम येऊन गार वाटेल असंही नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. खरं काम जिभेचं आणि धापांचं.

लांब दातांचा अंडरकोट रेक (आतली लव ओढून काढणारी दाताळ्यासारखी फणी) आणि स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) मागवा. ब्लेडवाली फणी नको, ती जास्त फिरवली की वरचे केसही तुटतात. एका हातानं केस वर धरायचे, कातडी दिसेल अशी भांगासारखी रेघ पाडायची, त्या रेघेतलेच विंचरायचे, मग अर्धा बोट वरची पुढची रेघ. नुसतं वरवरून फिरवलं तर वरून चकचकीत नि आत नमदा, असं होतं. शेवटी बारीक स्टीलची फणी कातडीपासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेली, की तेवढा भाग झाला.

जटेवर थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि बोटांनी कडेकडेनं सोडवा. मुळाशी चिमटीत धरा म्हणजे ओढ बसत नाही. नाहीच सुटली तर कातडी आणि जट यांच्यामध्ये फणी सरकवा आणि फणीच्या वरून कापा. कुसळ आधी काढा, ते कातडीत शिरत जातं. आणि हे सगळं आंघोळीच्या आधी, ओली झालेली जट आणखी घट्ट बसते.

प्रतिसाद
अकोल्याहून लिहितोय. आमच्या पामेरियनला दर एप्रिलमध्ये भादरतो, सहा वर्षं झाली, काही बिघडलं नाही. उगाच बाऊ करू नये.

प्रतिसाद
वरच्या दादांना: काहींचे येतात परत, काहींचे येत नाहीत. ताईंच्या कुत्र्याला एकदा फटका बसलेला आहे, तेव्हा पुन्हा कशाला जुगार? शिवाय उघड्या कातडीला ऊन भाजतं ते वेगळंच. पंजांच्या गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस मात्र खुशाल कापा. विंचरताना गोचीडही शोधा, कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात. कपाशीवरचं औषध लावायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच, तो ऐकू नका.

प्रतिसाद
मी बरीच वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काम केलं आहे, म्हणून केसांपलीकडचं सांगतो.

फिरवणं पहाटे, सहाच्या आत. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं तरच त्याला न्या. कूलर कोरड्या मे महिन्यात चांगला चालतो, पण पहिला पाऊस पडून उकाडा सुरू झाला की त्याचा उपयोग घटतो, आणि दमट हवेत धापांनीही गारवा येत नाही. मृग लागला म्हणून बेफिकीर राहू नका.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवीही साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोकांड्या गेल्या, तर आधी पाणी, मग गाडी. बोअरचं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, केस फाकवून कातडीपर्यंत जाईल असं ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली वाफ कोंडते. माणसाची तापाची गोळी देऊ नका. आणि आपल्याकडे ऊन लागलं की कांदा चोळतात, रस पाजतात. कुत्र्याला कांदा विषारी असतो, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा.

धागाकर्तीचं उत्तर
सगळ्यांचे आभार. कांद्याचं वाचून पोटात गोळाच आला. सासूबाईंनी गेल्याच आठवड्यात त्याच्या ताटलीत कांद्याचा रस ठेवला होता. नशीब, त्यानं हुंगून तोंड फिरवलं.

मेंढपाळाला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मंग आमच्याच कुत्र्याले मी कधी कातरलं?" हे आधी का नाही बोललास बाबा!

रेक यायला चार दिवस आहेत, तोवर घरातल्या स्टीलच्या फणीनं सुरुवात केली. बंगईवर बसून काल रात्री फक्त उजवी मांडी झाली, त्यातच अर्धं घमेलं लव निघाली. सकाळी चिमण्या ती घेऊन वळचणीला जात होत्या. कानामागची जट फणीवरून कापली. आत कुसळं दोन निघाली, खाली कातडी लाल आहे आणि जरा ओलसर. त्यावर काही लावू, की कोरडंच ठेवून दवाखान्यात दाखवू? ढोरांचे डॉक्टर मंगळवारी येतात.

प्रतिसाद
कोरडं ठेवा, चाटू-खाजवू देऊ नका, हळद-तेल काही लावू नका. पसरलं किंवा पाणी सुटलं तर मंगळवारपर्यंत थांबू नका.