मदत हवी आहे: भाच्याला प्रोफेशनल बॉक्सिंगचा करार आलाय, सही करू द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मला बॉक्सिंगमधलं फारसं कळत नाही हे आधीच कबूल करतो. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी केबलवर टायसन लागायचा, तेवढीच ओळख. १९९७ साली त्याने होलीफिल्डचा कान चावला तो सामना आख्ख्या वाड्याने एका टीव्हीवर पाहिला होता. आजी म्हणाली होती, "मेल्याला घरी जेवायला घालत नाहीत का?"

आता मुद्द्याचं. भाचा २० वर्षांचा, वजन ६३ किलो. कॅम्पातल्या एका क्लबात पाच वर्षं घाम गाळतोय. ताईच्या बाल्कनीत कपड्यांपेक्षा त्याची बँडेजंच जास्त वाळत असतात. राज्य पातळीवर खेळलाय, पदक नाही. आता सामने भरवणाऱ्या एका प्रमोटरने त्याला प्रो व्हायची ऑफर दिली आहे. (नाव विचारू नका, सांगणार नाही.)

करार मी वाचला. तीन वर्षं दुसऱ्या कुणाकडे खेळायचं नाही. प्रत्येक फाइटला त्याला ४० तिकिटं मिळणार, ती त्याने विकायची, त्यातला हिस्सा हेच मानधन. व्हिडिओचे "सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी" प्रमोटरकडे. आणि भाच्याचा मॅनेजर कोण, तर प्रमोटरचा साडू.

वर्षात किती फाइट देणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. तोंडी मात्र "टीव्हीवर येणार, उद्या नेटफ्लिक्सवर पण" असं बरंच काही.

गेल्या महिन्यात त्यांचा एक शो पाहून आलो. उपनगरातलं मंगल कार्यालय, रिंग भाड्याची, खुर्च्यांच्या पाठीवर लाल रंगात मांडववाल्याचं नाव. थेट प्रक्षेपण म्हणजे तिवईवर लावलेला मोबाइल. तिसऱ्या राउंडला त्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला आणि राउंडचा शेवट गेला. ऑनलाइन बघणारे ३१, त्यात आमची ताई. हॉलमध्ये जे होते ते आपापल्या सोसायटीतल्या पोराला बघायला आलेले. आपल्या पोराची फाइट संपली की उठून वडापाव खायला.

तर या धंद्यात पैसा नेमका येतो कुठून? बाहेरदेशी एवढे कोट्यवधी आणि इथे मोबाइलची तिवई, असं का? आणि सही करू द्यावी का? पोरगं हट्टाला पेटलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— वाड्यातला_मामा

तालीमवाला

मामा, तुम्ही जत्रेतली कुस्ती पाहिली असेल, तर बॉक्सिंगचा धंदा तुम्हाला अर्धा कळलेलाच आहे. जत्रा कमिटी जोड ठरवते, एक नंबरची कुस्ती कुणात लावायची ते ठरवते, इनाम जाहीर करते. कमिटीचं मन नसेल तर दोन तगडे पैलवान आयुष्यभर समोरासमोर येत नाहीत. प्रमोटर म्हणजे ही कमिटी. फरक एवढाच की कमिटी वर्गणी काढते आणि प्रमोटर प्रक्षेपणाचे हक्क विकतो.

१९७४ चा अली-फोरमन सामना घ्या. प्रमोटर डॉन किंगने आधी दोघांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल करून. ते पैसे त्याच्याकडे नव्हते. मग झाईरचा (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुटू गाठला. सामना तिथल्या राजधानीत, किन्शासात झाला तो पहाटे चारच्या सुमाराला. का? अमेरिकेत लोक संध्याकाळी थिएटरात पडद्यावर तिकीट काढून तो बघणार होते म्हणून. म्हणजे मारामारी आफ्रिकेत आणि घड्याळ अमेरिकेचं. तुमचा टायसन रविवारी सकाळी लागायचा तोही त्यामुळेच, तिकडे शनिवारची रात्र असायची.

दुसरं उदाहरण मेवेदर-पॅकियाओ. २००९ पासून बोलणी. उत्तेजकांसाठीच्या रक्ताच्या चाचणीवरून वाद, मेवेदरचं जुन्या प्रमोटरशी, म्हणजे बॉब अरमशी वाकडं, तो अरम पॅकियाओचा प्रमोटर. वर एक शोटाइमशी बांधलेला, दुसरा एचबीओशी. शेवटी दोन्ही चॅनेलनी मिळून २ मे २०१५ ला दाखवला. घरोघरी जवळजवळ १०० डॉलर मोजून ४६ लाख ग्राहकांनी विकत घेतला. पण तोवर एक ३८ चा, दुसरा ३६ चा. सामना मिळमिळीत. गल्ला विक्रमी भरला आणि पैसे भरलेल्यांनी शिव्या घातल्या.

माझं स्पष्ट मत: या खेळाचा प्रेक्षक याच पद्धतीने आटवला. १९५० च्या दशकात अमेरिकेत शुक्रवारी रात्री बॉक्सिंग घरच्या टीव्हीवर फुकट दिसायचं. पुढे मोठे सामने थिएटरात, मग पैसेवाल्या चॅनेलवर, मग दर सामन्याला वेगळे पैसे. ज्या पोराने कधी फुकट पाहिलंच नाही, ते मोठं होऊन १०० डॉलर कशाला देईल? एचबीओने २०१८ च्या अखेरीस बॉक्सिंग बंद केलं, शोटाइमने २०२३ च्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने ५८ वर्षांचा टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा केला, जादा पैसे न घेता. लढत कसली ती, पण जगभर कोट्यवधींनी पाहिली. फुकटात माणसं येतात, एवढं तरी त्यातून दिसलं.

तुमच्या त्या "उद्या नेटफ्लिक्स"वाल्याला विचारा, आज कुठल्या चॅनेलशी लेखी करार आहे? कागद दाखवा म्हणावं.

मिसळ_कमी_तिखट

४० तिकिटं विकायची म्हणजे भाचा बॉक्सर नाही हो, सेल्समन झाला. वर मार खायचा तो वेगळाच.

तालीमवाला

@मिसळ, हसू नका, ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेतल्या छोट्या हॉलमध्येही सर्रास चालते. नवा बॉक्सर आपली माणसं आणतो. फरक असा की तिथे वर चढायला शिडी आहे.

बालेवाडी_एक्सप्रेस

शिडीवरून आठवलं. आपल्याकडे विजेंदर सिंगने प्रयत्न करून पाहिला. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१५ ला इंग्लंडचा प्रमोटर फ्रँक वॉरनच्या कंपनीकडून प्रो. २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा आशिया पॅसिफिक किताब घेतला तेव्हा स्टेडियम दणाणलं होतं, टीव्हीवर थेट होतं. पण सगळा डोलारा एका माणसावर. त्याच्या फाइटमध्ये अंतर पडलं की बॉक्सिंगच गायब. त्याच कार्डावर, म्हणजे त्याच रात्रीच्या कार्यक्रमात, लढलेल्या बाकीच्यांपैकी एक नाव आठवतंय का कुणाला? मला नाही.

उलट कबड्डी बघा. २०१४ ला प्रो कबड्डी आली. रोज संध्याकाळी ठरलेली वेळ, ठरलेलं चॅनेल, गावाच्या नावाचा संघ. पुणेरी पलटण आज हरली तरी परवा पुन्हा मॅटवर, आणि आम्ही पुन्हा टीव्हीसमोर. बॉक्सिंगमध्ये प्रमोटरचा जीव "एकही हार नाही" या आकड्यात. म्हणून सुरुवातीला सोपे गडी देतात, बरोबरीचा आला की टाळतात. बघणारा मूर्ख नसतो, त्याला कळतं.

आपला बॉक्सर निशांत देव २०२५ च्या जानेवारीत इंग्लंडचा प्रमोटर एडी हर्नच्या मॅचरूम कंपनीकडून प्रो झाला. त्याची फाइट बघायला मी उठून बसतो. पण तो ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी खेळून गेलाय. भाच्याची तुलना तिथे करू नका.

काळा_कोट_कोथरूड

मी वकील आहे, खेळातली नाही. तरी करार म्हणून बोलते.

मॅनेजरचं काम बॉक्सरसाठी प्रमोटरशी भांडणं हे. साडू साडूशी काय भांडणार? अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा झाला, त्यात नेमकं हेच आहे: प्रमोटर आणि मॅनेजर यांचे हितसंबंध वेगळे हवेत आणि सामन्यातून किती मिळकत झाली हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायला हवं. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण कलमं म्हणून मागून घ्यायला कुणाची बंदी नाही.

मुदत वर्षांत आहे आणि फाइटचा आकडा नाही, हे सगळ्यात वाईट. तीन वर्षांत एकही फाइट दिली नाही तरी पोरगा बांधलेला. "वर्षाला किमान अमुक फाइट, नाही दिल्या तर करार संपला" असं लिहून घ्या. दुखापतीचा खर्च आणि विमा कुणाचा, ते नावानिशी. व्हिडिओचे हक्क कायमचे देऊ नका, ठरावीक वर्षांपुरते द्या. आज त्या ३१ जणांच्या व्हिडिओची किंमत शून्य आहे, पण पोरगा पुढे गेला तर विकलं जाणार ते हेच.

आणि सहीआधी कोचला विचारा, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीसाठी प्रयत्न करायचा असेल तर प्रो झाल्याने काय फरक पडतो. आपल्या पुण्यात मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथली वाट जाणणारं कुणीतरी तुमच्या क्लबात असेलच.

वाड्यातला_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल प्रमोटरला भेटलो. काळा_कोट ताईंची कलमं कागदावर नेली होती. चॅनेलच्या कराराचं विचारल्यावर "बोलणी चालू आहेत". किमान फाइटचं विचारल्यावर "साहेब, सगळी पोरं अशीच सही करतात". साडू शेजारीच बसून चहा पीत होते.

सही केली नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी तोड अशी निघाली की करार न करता एकच फाइट खेळायची, मानधन आणि दवाखान्याचा खर्च लेखी. कोचही हो म्हणाले.

तिकिटं मात्र घ्यावीच लागली. ४० पैकी ११ खपली, त्यातली चार ताईने घेतली. उरलेली २९ माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कुणाला हवी असतील तर व्यनि करा.